तांबड्या माशांची तिरिबो

टाबवाकेआ गावात नेई तिरिबोला (बाईच्या नावाआधी आम्ही मानानं 'नेई' लावतो) पाठीमागे सगळे 'मोठा नर' म्हणायचे. तोंडावर म्हणायची छाती एकट्या उरिआमची, आणि तोसुद्धा होडीचं इंजिन चालू असताना म्हणायचा, म्हणजे तिला नीट ऐकू जाऊ नये. तिला बरोबर ऐकू जायचं. "म्हण, म्हण," ती ओरडायची, "संध्याकाळी तुझ्या बायकोला विचारतेच, तुमच्या घरात मोठा नर कोण ते!"

हे नाव पडलं माशांवरून. आमच्या किरिसमास बेटाच्या पश्चिमेला, पोवळ्यांच्या फांद्यांत एक बोटभर लांबीचा मासा राहतो. रंग पेटत्या निखाऱ्यासारखा, कुशीवर चार-पाच काळे उभे पट्टे, आणि मागच्या परांच्या टोकांना निळी-जांभळी किनार. आम्ही त्याला नुसतं 'तांबडा' म्हणतो. एका नराच्या आसऱ्यानं तीन-चार माद्या एकाच दगडात राहतात. तो नर कुणी उचलून नेला, तर महिना-दीड महिन्यात त्यांतली सगळ्यांत थोरली मादी अंगानं भरते, तिच्या परांची निळी किनार गडद होते, आणि तीच नर होऊन बाकीच्यांना सांभाळू लागते. आमच्या पाणबुड्यांना हे कुणी शिकवलेलं नाही. त्याच त्या दगडापाशी वर्षानुवर्षं बुड्या मारून त्यांना ते कळलं. तिरिबोच्या घरातला नर असाच पाण्यातून उठला आणि त्याच्या जागी ती उतरली, म्हणून ते नाव.

ती मूळची ताबितेउएआ बेटाची. लग्न झाल्यावर, तिकडे माणसं फार आणि जमीन थोडी म्हणून, ती नवऱ्याबरोबर जहाजात बसून इकडे आली. आठ दिवसांचा प्रवास, कडेवर वर्षाची लेक रोरेती, आणि बरोबर केवड्याच्या पानांच्या दोन चटया. नवरा काबूता उंच, हसरा, आणि पाण्यात सुळकन जाणारा. आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तो सांगत आला, "काम मिळालं. मासे धरायचे. जिवंत. विमानानं जातात."

"जिवंत कशाला? तिकडच्यांना चूल नाही का?"

"खायला नाही गं. बघायला."

"बघायला!" तिरिबो इतकी हसली, की वाळूत बसलीच. "बोटभर मासा, तो न खाता बघायचा, आणि त्यासाठी विमान! काबूता, कुणीतरी तुझी थट्टा केली."

पण थट्टा नव्हती. आठवड्याला एक विमान यायचं आणि परत जाताना थर्माकोलच्या पेट्यांतून तांबडे न्यायचं. महिन्याभरात तिरिबोही ते मासे पाठवणाऱ्या व्यापाऱ्याच्या शेडमध्ये मासे भरायच्या कामाला लागली. विमानाआधी दोन दिवस माशांना उपाशी ठेवायचं, म्हणजे पिशवीतलं पाणी नासत नाही. मग एका पिशवीत एक मासा, थोडं समुद्राचं पाणी, वर ऑक्सिजन भरायचा आणि रबर करकचून गुंडाळायचं. दोन मासे एकत्र ठेवले तर सकाळपर्यंत एकच उरतो. ह्या माशाच्या गालावर मागे वळलेला एक काटा असतो, तो जाळीत अडकतो. ओढला तर गाल फाटतो. बाकीच्या बायका कात्रीनं जाळी कापायच्या. तिरिबो ओल्या अंगठ्यानं मासा किंचित पुढे ढकलायची आणि काटा आपोआप सुटायचा. "ह्याला मागं ओढायचं नाही," ती नव्या बायकांना सांगायची. "पुढं जाऊ द्यायचं, की सुटतो."

सात वर्षं अशी गेली. काबूता सिलिंडर पाठीला बांधून उतरायचा, ती भरायची. दुपारी दोघं शेडच्या सावलीत भात आणि खारवलेला मासा खायची, वर माडाची ताजी नीरा. मग एका बुधवारी, विमान दोन दिवसांवर असताना, मोठे नर कमी पडले. व्यापाऱ्यानं आणखी मागितले. काबूता त्या दिवशी चार वेळा उतरून आला होता, तो पाचव्यांदा उतरला, आणि खोल उतरला. हवा संपत आली म्हणून झरझर वर आला. होडीत चढताना हसत होता. सिगारेट मागितली, ती हातातून गळून पडली, आणि तो म्हणाला, "उरिआम, माझे पाय कुठं गेले?"

उरिआम त्याचा जोडीदार. खोलातून घाईनं वर आलं की हे दुखणं होतं, आणि आमच्या बेटावर त्याला यंत्र नव्हतं, डॉक्टरला करण्यासारखं काही नव्हतं. जुन्या पाणबुड्यांना एकच उपाय ठाऊक होता: ज्या पाण्यानं दिलं, त्याच पाण्यात परत न्यायचं. उरिआमनं आणि आणखी एकानं काबूताला दोन्ही बाजूंनी धरून पुन्हा सहा वाव खाली नेलं, आणि दोरीला धरून तीन तास तिथंच थांबले. सिलिंडर संपला की वरून दुसरा सोडायचे. तिरिबोला बातमी कळली तेव्हा ती किनाऱ्यावर येऊन उभी राहिली. सूर्य बुडेपर्यंत तिला समोर दिसत होती ती फक्त रिकामी होडी आणि तिच्या बाजूला फुटणारे बुडबुडे. बुडबुडे चालू आहेत म्हणजे नवरा जिवंत आहे, एवढंच तिला समजत होतं. ते ती मोजत नव्हती. नुसती त्यांच्याकडे बघत होती.

काबूता जगला. हात परत आले, बोलणं परत आलं. पाय आले नाहीत.

पुढचं अर्धं वर्ष त्यानं भिंतीकडे तोंड करून काढलं. कुणी भेटायला आलं की झोपेचं सोंग. तेल चोळून चोळून तिरिबोच्या तळहातांची साल निघाली, पण पायांत काही हललं नाही. एके सकाळी ती उठली, उरिआमच्या घरी गेली, चटईवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "बुबुती करायला आलेय."

आमच्याकडे बुबुती म्हणून मागितलं, की नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणाऱ्याची लाज निघते, मागणाऱ्याची नाही. उरिआमची बायको हातातलं काम टाकून बघू लागली.

"काय हवं?" उरिआम सावध झाला.

"तुझं जुनं जाळं. काठी. आणि पाण्यातला चष्मा."

"काबूतासाठी?" त्याचा चेहरा उजळला.

"माझ्यासाठी."

उरिआमनं बायकोकडे बघितलं, छपराकडे बघितलं. आमच्याकडे खाजणात शिंपले वेचावेत बायकांनी. पोवळ्यांच्या कड्याबाहेरचं पाणी पुरुषांचं. "नेई तिरिबो," तो म्हणाला, "दुसरं काहीही माग. डुक्कर माग."

"डुकराला पोहता येतं का?"

बायको फिसकन हसली. उरिआमला जाळं द्यावंच लागलं.

खरी लढाई घरी होती. काबूता ते जाळं बघून अपघातानंतर पहिल्यांदा चिडला. "लोक काय म्हणतील? काबूता घरात पसरलाय आणि बायको बुड्या मारते?"

"तेच म्हणतील. खरंच आहे ते."

"तुला खाली काय ठाऊक आहे?"

"काही नाही. म्हणून तू बरोबर ये."

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला हातगाडीत घालून किनाऱ्यापर्यंत ढकलत नेलं. गावातली सगळी दारं उघडी होती आणि प्रत्येक दारात कुणी ना कुणी उभं. काबूता मान खाली घालून बसला होता. तिरिबो मात्र प्रत्येकाला विचारत गेली, "काय, जेवण झालं का?" होडीत त्याच्यासाठी एक आडवी फळी टाकली. लाकडाचा एक डबा होता, त्याच्या तळाला काच बसवलेली. तो पाण्यावर टेकवून आत डोळे घातले, की खालचं स्वच्छ दिसायचं. काबूता फळीवर पालथा झोपला, डब्यात तोंड घातलं, आणि तिरिबो पाण्यात उतरली.

सिलिंडर तिनं कधीच घेतला नाही. काबूताचीच अट होती ती. छातीत मावेल तेवढाच श्वास, चार-पाच वाव खोल, तेवढंच पाणी तिचं. पहिले चार दिवस एक मासा मिळाला नाही. ती वर यायची, होडीची कड धरायची, आणि वरून काबूता डब्यातलं तोंड काढून शिव्या घालायचा.

"पळतेस कशाला त्याच्यामागं? तो त्याच्या घरात आहे, तू परकी आहेस!"

"मग काय करू, आमंत्रण देऊ?"

"बिळाला दोन तोंडं असतात. एका तोंडाशी जाळं धर, दुसऱ्यातून काठी हळू घाल. आणि तू हलू नकोस. दगड हो."

पाचव्या दिवशी एक तांबडा जाळ्यात आला. तिनं पाण्यातच अंगठ्यानं त्याचा काटा सोडवला, हाताची ओंजळ करून वर आणला. काबूतानं तो पाण्याच्या बादलीत सोडला आणि बराच वेळ बघत राहिला. "मादी आहे," तो म्हणाला. "चांगली आहे." आणि मग, दुसरीकडे बघत, "तू खाली असतेस तेव्हा मी श्वास धरून ठेवतो. तुझ्याआधी माझा सुटतो."

त्याच वर्षी चर्चच्या सणाला सगळं गाव मानेआबात जमलं होतं. मानेआबा म्हणजे आमचं गावाचं मोठं छप्पर, तिथंच निवाडे, तिथंच जेवणं, तिथंच नाच. जेवणानंतर उरिआम उठला आणि तांबड्यांची गोष्ट सांगू लागला: नर गेला, की थोरली मादी कशी फुगते, कशी निळी होते, आणि "एक दिवस बघावं तर काय, तीच मोठा नर!" असं म्हणून त्यानं तिरिबोकडे हात केला. सगळं छप्पर हसण्यानं हादरलं. तिरिबोचे कान तापले. ती उत्तर द्यायला उठणार, तेवढ्यात शेजारून एक ओळखीचा आवाज आला. काबूता हसत होता. मागे टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पूर्वीसारखा हसत होता. अपघातानंतर तो असा हसलाच नव्हता. तिरिबो होती तिथंच बसून राहिली. ते नाव तिनं तसंच राहू दिलं.

पुढची सोळा वर्षं ती दोघं होडीत होती. आता ती त्याच वर्षांबद्दल बोलते, बाकीच्या आयुष्याबद्दल विचारलं तर आठवावं लागतं. त्यांनी आपापसांत एक नियम केला होता: एका दगडातला नर आणि त्याची थोरली मादी, दोन्ही कधी उचलायची नाहीत. एक तरी घरात राहिलं पाहिजे. व्यापारी कुरकुरायचा, पण तिचे मासे प्रवासात मरत नसत, म्हणून तिचेच आधी घ्यायचा. काबूताला वरून प्रत्येक दगड तोंडपाठ झाला. "तुटक्या शिंगाच्या दगडात पाच आहेत, एक घे," "जावेच्या दगडाला आज हात लावू नकोस," असं तो सांगायचा. जावेचा दगड नाव काबूतानंच ठेवलं होतं, कारण तिथल्या दोन माद्या दिवसभर भांडायच्या.

काम संपलं तरी कधी कधी ती परतत नसत. ऊन उतरलं, की तांबड्यांची लगीनघाई सुरू होते. नर एकेका मादीभोवती घिरट्या घालतो, पर ताणून थरथरतो, तिच्या पोटाशी नाक लावून तिला दगडाच्या वर वर नेतो, आणि एका झटक्यात दोघं परत खाली. पाण्यात धुरासारखं काहीतरी उरतं, तीच अंडी. तिरिबो होडीची दोरी धरून, तोंड पाण्यात घालून तरंगत राहायची आणि काबूता डब्यातून बघायचा. त्या वेळी जाळं कधी पाण्यात गेलं नाही. घरी जाताना काबूता इंजिन अगदी हळू चालवायचा. "घाई कसली आहे?" म्हणायचा. रोरेती तोवर शिकून न्यूझीलंडला गेली होती, ऑकलंडला म्हाताऱ्या माणसांची सेवा करण्याच्या नोकरीत. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, आणि त्यांना त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

मग ते गरम पाण्याचं वर्ष आलं. पाऊस थांबेना आणि समुद्र निवेना. तिरिबो उतरली, तर पाणी कुणीतरी चुलीवर ठेवल्यासारखं. पहिल्या महिन्यात पोवळी फिकट झाली, मग पांढरी पडली. ती वर आली आणि होडीची कड धरून राहिली.

"काय झालं?"

"तूच बघ."

काबूतानं डबा टेकवला. तो इतका वेळ बघत राहिला, की तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कुणी चुना फासलाय गं?" तो म्हणाला. "जावेचा दगड कुठला ते मला ओळखू येत नाही."

पाणी दहा महिने तसंच राहिलं. पांढऱ्यावर तपकिरी शेवाळ चढलं, फांद्या हात लावताच मोडू लागल्या. तांबडे मासे शेवाळ खातात, म्हणून काही तगले, पण लपायच्या जागा गेल्या आणि मोठ्या माशांनी त्यांना टिपलं. तिरिबोनं जाळं गुंडाळून छपराला अडकवलं. काबूता म्हणाला, "बरं केलंस." पुढच्या वर्षी त्याला मूत्रपिंडाचा विकार झाला आणि तीन आठवड्यांत तो गेला. आमच्या रीतीप्रमाणे तिनं त्याला घराशेजारीच पुरलं, वर पांढरे खडे अंथरले, आणि सकाळी झाडताना ती त्याच्याशी बोलते, तेही आमच्याकडे नवीन नाही.

रोरेतीनं तिला ऑकलंडला बोलावून घेतलं. तिकडे तिरिबो आठ महिने राहिली. घर उबदार, नातवंडं गोड, पण कुणी कुणाच्या दारात उभं राहून जेवलात का विचारत नव्हतं. एकदा तिची दाढ दुखायला लागली म्हणून रोरेती तिला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. बाहेरच्या खोलीत काचेची मोठी टाकी होती. तिरिबो खुर्चीवर बसायला वळली आणि थबकली.

टाकीत एक तांबडा होता. एकटाच.

ती टाकीपाशी गेली, काचेजवळ तोंड नेलं. टेबलामागच्या मुलीनं काहीतरी विचारलं. रोरेती म्हणाली, "आई, ती विचारतेय, तुला मासे आवडतात का."

"तिला सांग, हा माझ्या गावचा आहे."

"आई, असं नको."

"सांग. आणि हेही सांग, की ह्याचं घर चुकीचं बांधलंय. बिळाला एकच तोंड आहे. हा आत गेला तर कुणी आलं कळणार कसं? म्हणून हा बाहेरच कोपऱ्यात उभा आहे. झोप नाही बिचाऱ्याला."

रोरेतीनं लाजत लाजत सांगितलं. मुलगी हसली नाही. आत गेली आणि डॉक्टरलाच घेऊन आली. डॉक्टर म्हातारा होता. त्यानं तिरिबोकडे बघितलं, टाकीकडे बघितलं, बाही वर सरकवली आणि हाताच्या खुणेनं विचारलं: कसं? तिरिबोनं बोटानं दाखवलं: तो दगड इकडे, हा त्याच्यावर आडवा, मागून जागा ठेवा. डॉक्टरनं कोपरापर्यंत हात बुडवून दगड हलवले. तांबडा आधी कोपऱ्यात चिकटून राहिला. मग एका तोंडातून आत शिरला, क्षणभर दिसेनासा झाला, आणि दुसऱ्या तोंडातून त्याचं डोकं बाहेर आलं. तो आत-बाहेर, आत-बाहेर करू लागला.

तिरिबोनं आयुष्यात किती तांबडे पिशवीत भरले, त्याचा हिशेब तिलाही ठाऊक नाही. ते पुढे कुठं जातात, कसे राहतात, हे तिनं कधी बघितलं नव्हतं. ती तिथं खुर्चीत बसून रडली. डॉक्टरला वाटलं, दाढ फार दुखतेय. त्यानं तिला नंबराआधी आत घेतलं.

महिन्याभरानं ती परत आली. रोरेती विमानतळावर म्हणाली, "आई, तिकडे तुझं आता आहे काय?" तिरिबोनं लेकीच्या केसांवरून हात फिरवला आणि विमानात चढली.

ती परत आल्याच्या दुसऱ्या वर्षी मासेमारी खात्याकडून दोन तरुण मुली तांबडे किती उरलेत ते मोजायला आल्या. त्यांच्याकडे नकाशे होते, पण कुठल्या दगडात बघायचं ते ठाऊक नव्हतं. गावानं त्यांना तिरिबोकडे पाठवलं. साठी उलटली होती, श्वास पूर्वीसारखा टिकत नव्हता. तरी ती उतरली. मेलेल्या फांद्यांच्या ढिगात कुठं कुठं नवीन पोवळं उगवलेलं होतं, बाळाच्या दातांएवढं. तुटक्या शिंगाच्या दगडात दोन तांबडे होते. पुढच्यात एकही नाही. त्याच्या पुढच्यात तीन. सहा दिवसांत तिनं मुलींना एकूण एक दगड दाखवला, आणि पाटीवर त्या आकडे लिहीत असताना ती होडीची कड धरून दम घेत राहायची. वर फळीवर कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी ती दर वेळी तिकडे बघायची.

मग मानेआबात बैठक झाली. काही तरुणांना पुन्हा मासे धरायला सुरुवात करायची होती, पोटाचा प्रश्न होता, आणि तो खोटा नव्हता. वडीलधाऱ्यांतले इओतेबा आजोबा म्हणाले, "आकडे आम्ही ऐकले. आता जिनं बघितलंय ती सांगू दे." मानेआबात बायका मागे बसतात, मधोमध येऊन बोलायची फारशी रीत नाही. तिरिबो मधे येऊन बसली.

"पश्चिमेच्या कड्यावर आणखी तीन वर्षं कुणी जाळं नेऊ नये," ती म्हणाली. "दक्षिणेकडे थोडे धरा. पण नर आणि थोरली मादी एकाच दगडातून घेऊ नका. कसं ओळखायचं ते मी शिकवीन. फुकट."

"आणि नाही ऐकलं तर?" मागून एकजण पुटपुटला.

"तर तुझी पोरं तांबडा मासा दाताच्या डॉक्टरकडे जाऊन बघतील," ती म्हणाली. फारसं कुणाला कळलं नाही, पण उरिआम हसला म्हणून सगळे हसले, आणि आजोबांनी तसंच ठरवलं. तीन वर्षांचा तो नियम गावानं बऱ्यापैकी पाळला. पूर्ण नाही. दोनदा कुणीतरी चोरून उतरलं, आणि दोन्ही वेळा तिरिबो त्यांच्या घरी जाऊन चटईवर मांडी घालून बसली.

आता ती आठवड्यातून एकदा उतरते, चार-दोन बुड्या, जाळ्याशिवाय. तिच्याकडून शिकलेल्या गावातल्या दोन सुना होडी चालवतात आणि तिला वर ओढून घेताना कुरकुर करतात. परवा रोरेतीचा फोन आला होता. "आई, सुट्टीत ये ना इकडे, मुलं विचारतात. कधी येतेस?"

"बघू गं," तिरिबो म्हणाली. "सध्या इथं पाणी गार आहे."